कण्यातलं चिबड रान

घोड आणि भीमा यांच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात चिबड रान म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कालव्याचं पाणी मुबलक येतं, पण खालून निचरा होत नाही. चर बुजलेला असतो, नाहीतर वरची चारी फुटून तिचं पाणी थेट चरातच शिरत असतं. रान सतत ओलं राहतं, ऊस पिवळा पडतो, मुळं कुजायला लागतात. नवखा माणूस म्हणतो, पाणी कमी पडलं असेल, आणखी एक पाळी द्या. जाणता शेतकरी खोरं घेऊन आधी चराच्या कडेनं चालत जातो आणि चारी कुठे फुटली ते शोधतो.

माणसाच्या पाठीच्या कण्यात जवळजवळ हीच गोष्ट घडू शकते. मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या म्हणजे चाऱ्या, वापरलेलं रक्त परत नेणाऱ्या नीला म्हणजे निचऱ्याचे चर. कधीतरी, बहुधा पन्नाशीनंतर, एखादी बारीक रोहिणी मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणातच नीलेला जाऊन मिळते. मधलं केशवाहिन्यांचं जाळं वगळलं जातं आणि रोहिणीचा दाब थेट नीलेवर येतो. नीला फुगतात, वळसे घेतात, रक्त पुढे सरकेनासं होतं. मज्जारज्जूच्या भोवती रक्त भरपूर, आणि आतल्या पेशी मात्र प्राणवायूवाचून गुदमरलेल्या. वैद्यकात या आजाराला स्पायनल ड्युरल आर्टेरिओव्हिनस फिस्टुला म्हणतात. मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांमध्ये जी विकृत जुळणी होते, तिच्या सगळ्या प्रकारांत हा सर्वांत जास्त आढळणारा. दहातले सुमारे सात रुग्ण याचेच असतात.

शिरूर आणि दौंडच्या श्रोत्यांसमोर, स्मृती व्याख्यानासारख्या प्रसंगी, इतका दुर्मीळ आजार कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. परदेशातल्या नोंदींनुसार दहा लाख लोकांमागे वर्षाला पाच ते दहा नवे रुग्ण सापडतात. 2011च्या जनगणनेत या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या साडेसात लाखांच्या पुढे होती. आपल्याकडे तरुणांचं प्रमाण जास्त आहे हे धरूनही हिशेब केला, तर दोन्ही तालुक्यांत मिळून वर्षाला निदान तीन-चार माणसं या आजारानं पाय गमावण्याच्या वाटेवर चालू लागत असणार. वर्षाला तीन-चार म्हणजे दहा वर्षांत तीस-चाळीस घरं. त्यांतल्या किती जणांना आपल्या आजाराचं खरं नाव कळलं असेल? खंत करावी ती याची, कारण हा आजार वेळेत ओळखला तर थांबवता येतो.

त्या तीस-चाळीस घरांतल्या एका माणसाकडे जवळून पाहू. त्याला नाव नको, कारण ही एका माणसाची हकिकत नाही. न्यूरोसर्जरीच्या ओपीडीत पुन्हा पुन्हा ऐकू येणाऱ्या अनेक हकिकती जोडून तो उभा केला आहे. वय अठ्ठावन्न. घरचे त्यांना तात्या म्हणतात. नदीकाठी चार एकर, त्यांत अडीच एकर ऊस. शेतीची लाइट काही दिवस रात्रीची असते, म्हणून मोटर चालू करायला मध्यरात्री विहिरीवर जावं लागतं. एका हिवाळ्यात त्यांच्या लक्षात आलं, की निम्म्या वाटेवर पाय भरून येतात. बांधावर पाच मिनिटं टेकलं, की पुन्हा चालता येतं. मग पुढच्या वळणावर परत तेच. काही आठवड्यांनी तळपायाला मुंग्या सुरू झाल्या. एकदा चिखलात चप्पल कधी निसटली ते कळलंच नाही, घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “एकाच पायात चप्पल घालून कुठनं आलात?”

गावातल्या डॉक्टरांनी कमरेचा फोटो काढायला सांगितला. “मणक्यात गॅप पडलाय,” असं निदान झालं. पट्टा, गोळ्या, पाच इंजेक्शनं. शेजारच्या गावात कंबर चोळून देणारा होता, त्याच्याकडेही तीन फेऱ्या झाल्या. दोन महिन्यांनी लघवीला वेळ लागू लागला, धार बारीक झाली. साठीला आलेला पुरुष म्हटल्यावर दोष प्रोस्टेटवर गेला आणि त्याचंही औषध सुरू झालं. पायांचं एका डॉक्टरांकडे, लघवीचं दुसऱ्यांकडे. या दोन तक्रारी एकाच दोरीचे दोन धागे असतील, हे एका खोलीत बसून कुणी विचारलं नाही.

पुढे एमआरआय झाला, पण फक्त कमरेचा. त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी सरकलेली दिसली. साठीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये सरकलेली गादी दिसणं म्हणजे साठीच्या माणसाच्या डोक्यावर पांढरे केस दिसण्यासारखं आहे. ती असते, पण बहुतेक वेळा ती गुन्हेगार नसते. याच वळणावर या आजाराच्या कितीतरी रुग्णांची गादीसाठी शस्त्रक्रिया होते, आणि दोन महिन्यांनी पाय पहिल्यापेक्षा वाईट झालेले असतात. तात्यांची शस्त्रक्रिया टळली. त्यांना सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडची सलाइन लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून पाय खाली सोडता येईनात. लघवी पूर्ण तुंबली, नळी घालावी लागली.

स्टेरॉइडनंतरची ही घसरण अपघातानं होत नाही. या आजारात स्टेरॉइड दिल्यावर काही तासांत किंवा दिवसांत पाय गेल्याच्या नोंदी जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. नीलांमधला दाब आधीच टोकाला गेलेला असतो. त्यात शरीरात मीठ-पाणी साठलं आणि रक्तदाब चढला, की निचरा आणखी अडतो असं मानलं जातं. म्हणून कारण न सापडलेल्या पायांच्या अशक्तपणात, मज्जारज्जूचा एमआरआय न पाहता स्टेरॉइड देण्याची घाई होऊ नये. गावोगावच्या डॉक्टर मंडळींनी या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही असावी.

आता थोडं शरीराकडे. पुरुषाचा मज्जारज्जू साधारण 45 सेंटीमीटर लांबीचा, जाडीला करंगळीएवढा आणि वजनाला जेमतेम 35 ग्रॅमचा असतो. तो कण्याच्या शेवटापर्यंत जात नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच तो संपतो आणि त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नुसता मज्जातंतूंचा झुपका असतो. ही वरवर बारीक वाटणारी गोष्ट निदानात सगळ्यात मोठी साक्षीदार ठरते. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याची गादी कितीही सरकली, तरी ती मज्जारज्जूला हात लावू शकत नाही, कारण तिथे मज्जारज्जू उरलेलाच नसतो. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय नेहमीपेक्षा जोरात उडाला, किंवा तळव्यावरून किल्ली ओढल्यावर अंगठा खाली वळण्याऐवजी वर उचलला गेला, तर दोष त्या गादीचा नाही, वर कुठेतरी आहे. हातोडी दोन-तीनशे रुपयांची. किल्ली प्रत्येकाच्या खिशात.

तात्यांच्या बाबतीत पुण्यातल्या एका तरुण निवासी डॉक्टरनं हेच केलं. रात्री अकराला, वॉर्डात, मोटारसायकलच्या किल्लीनं. अंगठा वर गेला. दुसऱ्या दिवशी छातीच्या मणक्यांचा एमआरआय झाला. मज्जारज्जूच्या खालच्या टोकात पाणी साठल्यासारखी पांढरी झाक होती आणि त्याच्या मागच्या बाजूला काळे ठिपके आणि वेलांट्या, ओल्या मातीतून गांडूळ गेल्यावर राहतात तशा. वेगानं वाहणारं रक्त एमआरआयमध्ये काळं दिसतं. त्या वेलांट्या म्हणजे फुगलेल्या नीला.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. फुटलेली चारी एका ठिकाणी असते आणि चिबड पडतं दुसरीकडेच. ही चुकीची जुळणी बहुधा छातीच्या सहाव्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत कुठेही असते. कधीकधी ती त्याहून वर, अगदी मानेत, किंवा खाली माकडहाडाच्या भागात सापडते. पण माणूस उभा राहतो, नीलांमधलं तुंबलेलं रक्त खालच्या टोकाकडे भार टाकतं, आणि मज्जारज्जूचं खालचं टोक आधी खराब होतं. पायांची बोटं, लघवी, शौच आणि लैंगिक क्षमता ही सगळी कामं त्याच टोकाची. चालताना त्रास वाढतो याचंही कारण इथेच आहे. 1980च्या दशकात शस्त्रक्रियेच्या वेळी सुई घालून या फुगलेल्या नीलांमधला दाब मोजला गेला, तेव्हा तो रोहिणीतल्या दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांश भरला. चालताना रक्तदाब वाढतो, तसा नीलेतलाही वाढतो, आणि पाय भरून येतात. बसलं की उतरतो. तात्या बांधावर टेकत होते ते यामुळेच.

या आजाराचा इतिहास चुकीच्या जागी खणण्याचा आहे, आणि तो सांगण्यासारखा आहे. 1888 साली गाउप नावाच्या जर्मन डॉक्टरनं मज्जारज्जूवरच्या फुगलेल्या नीलांचं वर्णन केलं, तेव्हा त्यानं त्यांना चक्क मज्जारज्जूच्या आवरणाची मूळव्याध म्हटलं. उपमा चपखल होती, फक्त तिनं सगळ्यांचं लक्ष फुगलेल्या नीलांवरच खिळवून ठेवलं. न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्ग यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अशा रुग्णावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. 1926 साली पॅरिसमध्ये शार्ल फ्वा आणि तेओफिल आलाझुआनीन यांनी दोन तरुण पुरुषांची हकिकत छापली. पाय हळूहळू जात गेले, दोघेही दगावले, आणि शवविच्छेदनात मज्जारज्जू सडलेला सापडला. त्यांच्या नावानं हा आजार पुढे पुस्तकांत गेला, आणि पुस्तकांतून एक समजही पसरला, की हे सगळं रक्त गोठल्यामुळे होतं, आता काही करता येत नाही. पुढच्याच वर्षी, 1927मध्ये, फ्वा वारले. त्यांच्या नावानं रूढ झालेली ती निराशा पन्नास वर्षं टिकली.

या काळात शस्त्रक्रिया होत होत्या. कण्याचे बरेच मणके मागून उघडायचे आणि मज्जारज्जूच्या पाठीवर वेटोळे घालून बसलेल्या नीला सोलून काढायच्या. म्हणजे रान चिबडलं म्हणून चरच उखडून टाकायचा. काही रुग्ण सुधारत, कारण सोलता सोलता योगायोगानं खरी फुटकी जागाही बंद होई. बऱ्याच जणांचे पाय टेबलावरच जात, कारण त्या नीला मज्जारज्जूच्या स्वतःच्या, निचऱ्याच्या एकुलत्या वाटा होत्या.

वळण आलं लंडनमध्ये. क्वीन स्क्वेअरच्या मज्जासंस्थेच्या राष्ट्रीय रुग्णालयात मायकेल अमिनॉफ आणि व्हॅलेंटाइन लोग यांनी साठ रुग्णांचा मागोवा घेतला आणि 1974 साली तो छापला. उपचार न मिळाल्यास काय होतं, याचं इतकं स्पष्ट चित्र तोवर कुणी मांडलं नव्हतं. पायांतली अशक्तता सुरू झाल्यापासून सहा महिन्यांतच पाचांतल्या जवळजवळ एकाला कुबड्या लागल्या होत्या किंवा त्याहून वाईट अवस्था झाली होती; तीन वर्षांत निम्मे रुग्ण खुर्चीला किंवा अंथरुणाला खिळले होते. चाल आणि लघवी यांना गुण देण्याची त्यांची पट्टी आजही जगभर वापरली जाते. अमिनॉफ यांनी त्याच वर्षी आणखी एक विचार मांडला, की दोष रक्त गोठण्यात नसून नीलांमधल्या वाढलेल्या दाबात आहे. आणि 1977 साली ब्रायन केंडॉल आणि लोग यांनी दाखवून दिलं, की फुटकी जागा मज्जारज्जूवर नसतेच. ती त्याच्या बाहेरच्या जाड आवरणात, मज्जातंतूच्या मुळाशी, एका बारीकशा ठिपक्याएवढी असते. फुगलेल्या नीला हा नुसता परिणाम. त्यांना हात लावायचं कारणच नाही. ठिपका बंद करा, बाकीचं आपोआप बसेल.

केंडॉल शल्यविशारद नव्हते, क्ष-किरणतज्ज्ञ होते, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. कारण त्या ठिपक्यापर्यंत पोचता आलं ते पॅरिसच्या रने जिंजियां यांच्यासारख्या लोकांनी 1960च्या दशकात मज्जारज्जूच्या रोहिण्यांमध्ये रंगद्रव्य सोडून चित्र घेण्याचं तंत्र बसवलं म्हणून. आजही हीच तपासणी निर्णायक असते. जांघेतल्या रोहिणीतून एक बारीक नळी महारोहिणीत नेतात आणि मग दोन्ही बाजूंच्या प्रत्येक बरगडीखालची, कमरेची रोहिणी एकेक करून उघडून पाहतात. वीस, कधी त्याहून जास्त. गावच्या कालव्यावर फिरून प्रत्येक चारीचं दार उचलून पाहावं तसंच हे काम. तासन् तास चालतं, धीर लागतो, आणि फुटकी जागा बऱ्याचदा शेवटून दुसऱ्या चारीत सापडते. एकही चारी न पाहता सोडली, तर अख्खी तपासणी वाया जाते.

मज्जातंतूंची शस्त्रक्रिया महाराष्ट्रात रुजली ती 1950च्या दशकात. मॉन्ट्रिअलला वाइल्डर पेनफील्ड यांच्याकडे शिकून आलेले डॉ. राम गिंडे आणि परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. होमी दस्तूर यांनी मुंबईत तो पाया घातला. रक्तवाहिनीतूनच आत शिरून उपचार करण्याची शाखा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली, आणि केईएममध्ये डॉ. उदय लिमये यांच्यासारख्यांनी ती एका सार्वजनिक रुग्णालयात वाढवली. आज ही सोय पुण्यातही आहे. तात्यांना मुंबई गाठावी लागली नाही.

उपचार दोन. पहिला शस्त्रक्रियेचा. फुटकी जागा ज्या मणक्यापाशी सापडली, तिथला एक-दोन मणक्यांचा मागचा भाग उघडतात. सूक्ष्मदर्शकाखाली आवरणाला बारीक छेद देतात. मज्जातंतूच्या मुळापासून आत शिरणारी ती एकच नीला दिसते, आणि ती नीलेच्या रंगाची नसते. लालभडक असते, रोहिणीसारखी. तिच्यावर आधी तात्पुरता चिमटा लावतात आणि थांबतात. खोलीतले सगळेच थांबलेले असतात. मिनिटभरात मज्जारज्जूच्या पाठीवरची लाल वेटोळी हळूहळू जांभळी, मग निळसर होत जातात आणि सैलावतात. ज्यानं हे एकदा पाहिलं, तो ते विसरत नाही. मग ती नीला जाळून बंद करतात आणि कापतात. एवढंच. शस्त्रक्रियांच्या नोंदी एकत्र करून 2004 साली काढलेल्या हिशेबात पहिल्याच प्रयत्नात जागा बंद होण्याचं प्रमाण 98 टक्के होतं.

दुसरा उपचार गोंदाचा. जांघेतूनच, त्या आधीच्या नळीतून केसाएवढी बारीक नळी फुटक्या जागेपर्यंत नेतात आणि तिथे द्रव गोंद सोडतात. हा गोंद आपल्या घरातल्या फेविक्विकच्याच कुळातला आहे, सायनोअॅक्रिलेटचा. रक्ताला लागताच घट्ट होतो. पाठीवर टाका नाही, लवकर घरी जाता येतं. त्याच 2004च्या हिशेबात याचं यश निम्म्याहून थोडं कमी होतं. त्यानंतर साधनं आणि गोंद दोन्ही सुधारले, तरी एक अट बदललेली नाही: गोंद फुटक्या जागेच्या पलीकडे, नीलेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत पोचला पाहिजे. नुसती अलीकडची चारी बुजवली, तर शेजारच्या चाऱ्यांमधून पाणी वाट काढतं आणि काही महिन्यांत आजार परत येतो. शिवाय कधीकधी ज्या रोहिणीतून ही फुटकी जागा भरते, तिच्यातूनच मज्जारज्जूला रक्त देणारी मुख्य रोहिणीही निघते. क्राकूवमध्ये काम करणाऱ्या अॅल्बर्ट अॅडम्किविच यांनी 1880च्या दशकात तिचं वर्णन केलं, आणि ती आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. बहुधा डावीकडे, छातीच्या शेवटच्या मणक्यांपाशी, केसाच्या आकड्यासारखं वळण घेऊन ती खाली उतरते. गोंदाचा एक थेंब तिच्यात गेला तर पाय कायमचे गेले. तिथे सुज्ञ डॉक्टर गोंदाची बाटली खाली ठेवतो आणि शल्यविशारदाला फोन करतो. दोन्ही विद्या एकाच छपराखाली असाव्यात, असा आग्रह धरायचा तो यासाठी.

बाकीचे प्रकार इथे थोडक्यात. तरुणांत, कधी मुलांत, मज्जारज्जूच्या आतच रोहिणी-नीलांचा गुंता जन्मजात असतो. तो बहुधा फुटून कळतो: पाठीत सुरी खुपसल्यासारखी अचानक कळ, आणि तासाभरात पाय लुळे. अशा गुंत्यांवरचा उपचार कितीतरी अवघड आहे. सगळा गुंता काढणं अनेकदा शक्य नसतं, धोक्याचा भाग तेवढा गोंदानं बंद करणं हेही मोठं यश असतं. आणि एक खूण आयांनी लक्षात ठेवण्यासारखी. 1915 साली अमेरिकेत स्टॅन्ली कॉब यांनी एका आठ वर्षांच्या मुलाची नोंद केली. त्याच्या पाठीवर लालसर जन्मखूण होती आणि त्याच पातळीवर आत मज्जारज्जूला रक्तवाहिन्यांचा गुंता होता. पाठीवर तशी खूण असलेलं मूल चालताना अडखळू लागलं, तर ती खूण डॉक्टरांना दाखवायला विसरू नये. नुसती खूण असेल आणि त्रास काहीच नसेल, तर घाबरण्याचं कारण नाही. बहुतेक खुणा निव्वळ खुणाच असतात.

आता शिरूर-दौंडच्या वाटेबद्दल. शिरूरपासून पुण्याचं अंतर नगर रस्त्यानं पाऊणशे किलोमीटरच्या आत आहे. दौंडहून रेल्वेनं जवळजवळ तेवढंच. मुंबई-सोलापूर मार्गावरचं हे जंक्शन, मनमाडचा फाटा इथूनच फुटतो. सकाळच्या गाडीनं पुण्याला कामाला जाणारे हजारो लोक इथे आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत रोज पाळ्या बदलतात. म्हणजे हा काही दुर्गम भाग नाही. तरी असा रुग्ण पहिल्या तक्रारीपासून योग्य तपासणीपर्यंत पोचायला सहज वर्ष, कधी दोन वर्षं लावतो. पाऊणशे किलोमीटरना दोन वर्षं का लागावीत? अंतर रस्त्याचं नाहीच. ते “मणक्यात गॅप” या दोन शब्दांत अडकलेलं आहे.

पैशाचा प्रश्नही खरा आहे. 2012 साली काही जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेली जीवनदायी योजना 2017पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. तिची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख आहे, आणि मेंदू-मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियांचा एक स्वतंत्र विभाग तिच्यात आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन सर्वांत आधी त्याच्यासमोर जाऊन बसावं, शेत गहाण टाकायचा विचार त्यानंतर. योजनेत काय बसतं आणि काय नाही हे तोच लेखी सांगू शकतो; वॉर्डाबाहेर भेटणाऱ्या माणसाच्या तोंडी हिशेबावर जाऊ नये.

यावर कुणी म्हणेल, गावातला डॉक्टर दिवसाला शंभर रुग्ण बघतो, त्यानं दहा लाखांत पाच जणांना होणारा आजार कसा ओळखावा? उत्तर रायगड जिल्ह्यात आहे. महाडच्या परिसरात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवानं दगावणारी माणसं रात्र रात्र जागून पाहिली, प्रत्येकाची नाडी, रक्तदाब, घाम वहीत टिपला, आणि 1980च्या दशकात त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आलं. प्राझोसिन हे साधं औषध त्यातून विंचूदंशावरचा आधार बनलं. त्यांच्याकडे एमआरआय नव्हता. वही होती आणि रुग्णाजवळ बसण्याची तयारी होती. इथे तर त्याहूनही कमी पुरेल. पन्नाशीपुढचा माणूस, चालताना भरून येणारे पाय, तळपायाची बधिरता आणि लघवीची तक्रार: हे सगळं एका कागदावर एकत्र लिहिलं, हातोडी मारली, किल्ली ओढली, आणि एमआरआयच्या चिठ्ठीवर “कंबर” ऐवजी “छाती आणि कंबर” लिहिलं, तर त्या रुग्णाचं वर्ष वाचतं.

तात्यांवर शस्त्रक्रिया झाली. छातीच्या नवव्या मणक्यापाशी, डाव्या बाजूला ती जागा सापडली होती. रोहिणीच्या वळणामुळे गोंद धोक्याचा वाटला, म्हणून पाठ उघडली. नीला निळ्या झाल्या. पण गेलेलं सगळं परत येत नाही. या उपचारानंतर निम्म्याहून अधिक रुग्णांची चाल सुधारते, बऱ्याच जणांचा आजार आहे तिथेच थांबतो, आणि लघवीचा त्रास सर्वांत हट्टी ठरतो. ज्याचे पाय अजून चालते आहेत, त्याचे चालतेच राहण्याची शक्यता मोठी. खाटेला खिळल्यावर आलेला माणूस काठीपर्यंत आला, तरी पुष्कळ.

पुढचं काम घरात असतं, आणि त्याबद्दल व्याख्यानांत फार बोललं जात नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं, म्हणजे पाठीला आणि टाचांना जखमा होत नाहीत. गरम पाण्याची पिशवी बधिर पायांवर ठेवू नये. भाजल्याचं कळतही नाही. आणि लघवीची नळी. कायमची नळी ठेवली की संसर्ग पाठ सोडत नाही. 1972 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिलं, की रुग्णानं स्वतः, साबणानं हात धुऊन, साधी स्वच्छ नळी दिवसातून चार-पाच वेळा घालून मूत्राशय रिकामं केलं, तरी पुरतं. शस्त्रक्रियागृहातलं निर्जंतुकीकरण लागत नाही. शेतकऱ्याच्या घरात करता येईल असा उपाय आहे हा. संकोच होतो, पहिल्या आठवड्यात जमत नाही, मग जमतं. पुण्यात खडकीला 1974पासून पाय लुळे पडलेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर चालतं. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत, इथल्या अनेक घरांतून मुलं फौजेत गेली आहेत. त्यांतल्या कुणी ना कुणी ती संस्था पाहिली असेल. चाकाच्या खुर्चीत बसलेले जवान तिथे चित्रं काढतात, खेळतात, काम करतात. कण्याचा आजार झालेल्या साध्या शेतकऱ्यासाठी तालुक्याच्या गावात असं काही नाही. उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस जरी नळी घालायला शिकवणारी परिचारिका आणि व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट या रुग्णांसाठी राखून ठेवला, तरी फार मोठी गोष्ट होईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

सहा महिन्यांनी तात्या तपासणीला आले ते काठी टेकत, वॉर्डाच्या दारापासून टेबलापर्यंत स्वतः चालत. नव्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूतली पांढरी झाक निम्म्यावर आली होती, मागच्या काळ्या वेलांट्या जवळजवळ दिसत नव्हत्या. तळपाय अजून बधिर, म्हणून आता मागे पट्टा असलेली सँडल. नळी दिवसातून चार वेळा, शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेली. सोबत मोठा मुलगा होता. डॉक्टरांनी हातोडी मारली, बोटं वरखाली करायला सांगितली, वहीत गुण लिहिले. बाकी काही विचारायचं आहे का, म्हणाले.

तात्यांनी मुलाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. “साहेब, या महिन्यापास्नं परत रातची लाइट हाये. पाणी धरायला जाऊ का?”

“दिवसाच्या पाळीला जा तात्या,” डॉक्टर म्हणाले. “काठी घेऊन. आणि निम्म्या वाटेत पाय परत भरून यायला लागले, तर बांधावर बसायचं नाही, मला फोन करायचा.”